पत्रा गेला, कापड आले: कार्बनच्या बॉनेटला लांबी लावू नका

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची गेली. वर्तमानपत्रांनी तिच्या आठवणींचे रकाने भरले. आमच्या डोळ्यांपुढे मात्र तिचा जाड पत्रा आला. ह्या पत्र्यावर हातोडी आणि डॉली चालवून आमच्या कितीतरी कारागिरांनी घरे चालवली, मुलींचे निकाह लावले, मुलांना शिकवले. हा पत्रा ठोकला की जागेवर येत असे, तापवला की आकसत असे आणि उरलासुरला खड्डा लांबीने भरून निघत असे. त्याचा स्वभाव उस्तादाला ठाऊक होता आणि तोच स्वभाव तो शागिर्दाला शिकवीत होता.

आता गॅरेजच्या दारात कधीमधी एक वेगळेच बॉनेट येऊ लागले आहे. काळे, चकचकीत, आत तिरक्या रेघांची वीण दिसणारे आणि एका हाताने उचलता येईल इतके हलके. हे कार्बन फायबर. शौकीन तरुण ते हौसेने बसवतात आणि काही महागड्या परदेशी गाड्यांत ते कारखान्यातूनच येते. ते फुटले की गिऱ्हाईक आपल्याच डेंटर-पेंटरकडे येते आणि आपला कारागीर त्याला पत्र्याचेच औषध देतो. आमचे आजचे म्हणणे ह्याच औषधाबद्दल आहे.

मागच्या पावसाळ्यापूर्वी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ओळखीच्या एका गॅरेजात आम्ही बसलो होतो. तीन महिन्यांपूर्वी रंगवून नेलेली गाडी गिऱ्हाइकाने परत आणली होती. बॉनेटचा पुढचा कोपरा कशाला तरी धडकून फुटला होता. उस्तादांनी त्यात लांबी भरली, घासली, प्रायमर मारला आणि गाडीच्या रंगाचा हात असा दिला की जोड कुठे आहे हे सांगूनही दिसू नये. पण हायवेवर वेगात जाताना तो कोपरा थरथरू लागला, लांबीला केसासारखी भेग पडली आणि मग रंगासकट एक खपली निघून गेली. उस्ताद हताश होऊन म्हणाले, "भाई, तीस वर्षे झाली, माझी लांबी कधी सुटली नाही." ते खोटे बोलत नव्हते. पत्र्यावरची त्यांची लांबी सुटली नसेलच. त्यांच्या मनात फसवणूकही नव्हती. तरीही गिऱ्हाइकाला "नव्यासारखे झाले" असे सांगून पैसे घेतले गेले होते आणि ते नव्यासारखे झालेले नव्हते. हुन्नर आणि इमानदारी दोन्ही असूनही माणूस खोटा पडला तो केवळ माल न ओळखल्यामुळे.

तेव्हा आधी माल ओळखू. कार्बन फायबर हे कापड आहे. आमचे मालेगाव, भिवंडी आणि इचलकरंजीचे वाचक हे वाक्य वाचून जरा सरसावून बसतील आणि त्यांनी बसावेच. मानवी केसापेक्षा कितीतरी बारीक, पाच ते सात मायक्रॉन जाडीचे कार्बनचे तंतू असतात. असे ३,००० तंतू एकत्र करून एक चपटा पट्टा होतो आणि हे पट्टे उभे-आडवे विणून कापड तयार होते. बॉनेटवर दिसणारी तिरकी रेघ म्हणजे दोनवर-दोनखाली अशी ट्विलची वीण. जीन्सच्या कापडातही तिरकी रेघ ट्विलमुळेच येते. हे कापड साच्यात पसरून एपॉक्सी रेझिनमध्ये भिजवतात आणि ते घट्ट झाले की बॉनेट होते. ताकद धाग्यात असते. रेझिनचे काम धाग्यांना जागेवर धरून ठेवण्याचे. म्हणूनच धागा तुटला तिथे लांबी भरणे म्हणजे फाटलेल्या सदऱ्याला ठिगळ न लावता वर इस्त्री फिरवण्यासारखे आहे.

ही काही कालची वस्तू नव्हे. जपानच्या तोरे कंपनीने १९७१ मध्ये ह्या धाग्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. १९८१ मध्ये मॅकलारेनने शर्यतीच्या गाडीचा सांगाडाच कार्बनचा केला. २००० मध्ये निसानच्या स्कायलाइन जीटी-आरच्या एका प्रकाराला आणि २००४ मध्ये शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटच्या एका खास आवृत्तीला कारखान्यातूनच कार्बनचे बॉनेट मिळाले. आपल्या तेजस विमानाच्या वजनात ह्या जातीच्या साहित्याचा वाटा सुमारे ४५ टक्के आहे. पोलादाची घनता पाण्याच्या जवळजवळ आठपट आणि कार्बनच्या तयार तुकड्याची दीडपटीच्या आसपास, एवढ्यावरूनच त्याचा मोह कळावा.

बाजारात कार्बन म्हणून जे विकले जाते त्यात मात्र तीन जाती आहेत आणि दुरुस्तीला हात घालण्याआधी त्या ओळखल्याच पाहिजेत. पहिली जात म्हणजे पत्र्यावर चिकटवलेले कार्बनच्या नक्षीचे स्टिकर. हे चुंबक लावताच उघडे पडते. दुसरी म्हणजे वर देखाव्यापुरता कार्बनचा एक थर आणि खाली साधे काचेचे फायबर. सुट्या बाजारातील पुष्कळ बॉनेट ह्याच जातीची असतात आणि आत, सांगाड्याच्या बाजूने पाहिले की पांढुरकी चटई दिसते. तिसरी म्हणजे सगळे थर कार्बनचे. दुसऱ्या जातीचे बॉनेट तिसरीच्या भावाने विकणाऱ्या दुकानदारांबद्दल आम्ही इथे फार लिहीत नाही. मालाचा ऐब सांगून माल विकावा ही शिकवण आपल्या व्यापाऱ्यांना नव्याने देण्याची गरज नसावी.

मग जखम तपासावी. ह्यासाठी यंत्र लागत नाही, पाच रुपयांचे नाणे पुरते. नाण्याने बॉनेटवर बोटा-बोटाच्या अंतरावर हलके ठोकत जावे. माल धड असेल तर आवाज खणखणीत येतो. आत थर सुटले असतील तर आवाज बोदा होतो, ओल्या मडक्यासारखा. कार्बनची लबाडी अशी की पत्र्याला पोच येतो तसा तिला येत नाही. मार खाऊन ती पुन्हा सरळ होते, वर फक्त एक बारीक चरा दिसतो आणि आत हातभर जागेतले थर सुटलेले असतात. बोदा आवाज जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो, तिथे मास्किंग टेपने खूण करावी. त्या दिवशी उस्तादांच्या टेबलावरच आम्ही हे करून पाहिले. फुटलेला कोपरा वीतभर होता, पण टेपची चौकट जवळजवळ दोन हातांची झाली.

नुसते वरचे क्लिअर पिवळे पडले असेल, उन्हाने पापुद्रे निघाले असतील किंवा खडी लागून टवके गेले असतील, तर काम सोपे आहे आणि ते आपल्या पेंटरच्या हातचे आहे. ऊन एपॉक्सीला खाते, म्हणून जुने क्लिअर उतरवून ऊन थोपवणारे चांगले टू-के क्लिअर द्यावे लागते. रंग उतरवायचे रसायन इथे अजिबात वापरू नये, कारण ते रंगाबरोबर रेझिनही सोडवते. हीटगनही दूर ठेवावी. ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी घालून ठोकळ्यावर घासावे, मग ६००. निघणारे पाणी दुधाळ आहे तोवर क्लिअर आणि रेझिनच घासले जात आहे. पाणी काळे झाले की थांबावे, आपण धाग्यापर्यंत पोचलो. पत्र्यावर काम केलेल्या हाताला हे थांबणे फार अवघड जाते, कारण पत्र्यावर 'अजून थोडे' घासल्याने काही बिघडत नाही. इथे एक थर गेला की वीण तुटलेली कायम दिसते. बारीक छिद्रे असतील तर पातळ एपॉक्सीचा हात देऊन पुन्हा घासावे, मग दोन-तीन हात क्लिअर, प्रत्येक हातामध्ये थिनर उडू द्यायला पुरेसा वेळ, आणि पूर्ण वाळल्यावर १५०० ते ३००० च्या पेपराने रबिंग करून बफ.

धागाच तुटला असेल तर प्रश्न वेगळा. आधी बिजागरी, लॉक आणि आतला सांगाडा बघावा. ह्यांपैकी कशाला तडा असेल तर आमचे मत स्पष्ट आहे: गिऱ्हाईक कितीही आग्रह करो, नवे बॉनेट घ्यायला सांगावे. वेगात असताना बॉनेट उघडून काचेवर आले तर काय होते हे गॅरेजवाल्याला सांगायला नको.

वरची कातडी फुटली असेल तर ती बांधता येते. फुटलेला भाग धड मालापर्यंत काढून टाकायचा आणि भोकाच्या कडा उताराने घासायच्या. कातडी एक मिलिमीटर जाड असेल तर उतार सर्व बाजूंनी किमान बारा मिलिमीटर ठेवावा. विमानाच्या कामात तो ह्याहूनही लांब ठेवतात. हा उतार म्हणजेच सगळी दुरुस्ती, कारण नव्या कापडाचा भार जुन्या कापडाकडे ह्या उतारावरून जातो. मग जितके थर गेले तितके घालायचे, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा आणि त्याची वीण जुन्या विणीच्या दिशेनेच. नेहमीच्या कापडाचा एक थर साधारण पाव मिलिमीटरचा होतो. शक्य तिथे हे काम आतल्या बाजूने करावे. वर पील प्लाय नावाचे नायलॉनचे कापड, त्यावर प्लास्टिकची पिशवी कडेने चिकटवून पंपाने हवा ओढून घ्यायची, म्हणजे थर एकमेकांवर दाबून बसतात आणि जास्तीचे रेझिन निघून जाते. फ्रिजच्या जुन्या कॉम्प्रेसरवर असा पंप करणारे हुशार कारागीर आहेत. लहान जागेला तो चालून जातो.

आपल्या लोकांची सर्वांत मोठी चूक इथे हार्डनरची होते, म्हणून जरा थांबतो. लांबीचे हार्डनर थोडे जास्त पडले तर लांबी लवकर धरते, एवढेच. फायबरग्लासच्या पॉलिएस्टर रेझिनचेही तसेच. त्यामुळे हाताला सवय लागली आहे की घाई असली म्हणजे हार्डनर वाढवायचे. एपॉक्सीत हे चालत नाही. तिथे रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणातच एकमेकांशी जुळतात. कमी-जास्त झाले तर मिश्रण आठवडाभर चिकट राहील किंवा कच्चे राहील. अंदाजाने ओतणे बंद करून डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात वजनकाट्यावर मोजावे. सोनाराचा नसला तरी ग्रॅम दाखवणारा काटा हवा. शिवाय एकदम मोठा मग भरून कालवू नये. मगात राहिले की ते स्वतःच तापते, धूर निघतो आणि माल फुकट जातो. आणखी एक: घट्ट झालेल्या एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही, पण पॉलिएस्टरवर एपॉक्सी धरते. त्या उस्तादांची लांबी का सुटली ह्याचे अर्धे उत्तर ह्यातच आहे. उरलेले अर्धे, खालचा तुटका कोपरा हलत होता.

पावसाळ्यात तर हे काम जपून करावे. दमट हवेत एपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो. तो न धुता पेपर मारला तर अंगात घासला जातो आणि रंग सुटतो. कोमट पाण्याने आधी धुवावे, पुसावे, मगच पेपर लावावा. पेपर लावायला साधारण एक दिवस थांबावे आणि पूर्ण ताकद यायला बहुतेक एपॉक्सींना आठवडा लागतो. गिऱ्हाईक "उद्या लग्नाला जायचे आहे" म्हणाले तर त्याला दुसरी गाडी घेऊन जायला सांगावे.

आता रंग. इथे गिऱ्हाइकाला काम घेण्याआधीच दोन वाटा सांगाव्यात. वीण उघडी ठेवायची असेल तर ठिगळ थोडे तरी दिसणार, कारण नव्या कापडाची रेघ जुन्या रेघेशी तंतोतंत जुळवणे फार कठीण आहे. नाही तर वरून पूर्ण नवे कापड चढवावे लागेल आणि खर्च वाढेल. दुसरी वाट म्हणजे आतून मजबूत दुरुस्ती आणि वरून गाडीचा रंग. आम्ही गिऱ्हाईक असतो तर दुसरी घेतली असती. एपॉक्सी प्रायमर, त्यावर टू-के प्रायमर, घासणी, रंग आणि क्लिअर, हा क्रम आपल्या पेंटरला माहीतच आहे. भट्टीचे बूथ असेल तर तापमान मात्र रेझिनच्या डब्यावर दिलेल्या मर्यादेत ठेवावे. साध्या हवेत धरलेली एपॉक्सी ६० अंशांच्या पुढे मऊ पडू शकते आणि मग रंगातून खालची वीण उठून दिसते. मे महिन्याच्या उन्हात, खालून इंजिनाची धग असताना, हाच प्रकार महिन्या-दोन महिन्यांनी होतो आणि गिऱ्हाईक पेंटरला दोष देते. म्हणून दुरुस्त केलेला भाग रंगाआधीच हळूहळू, रेझिन कंपनीने सांगितले असेल तसा, तापवून घ्यावा.

किनाऱ्यालगतच्या गॅरेजवाल्यांसाठी एक गोष्ट. कार्बनमधून वीज वाहते. कार्बन, ॲल्युमिनियम आणि खारी हवा एकत्र आली की ॲल्युमिनियम झिजू लागते. लोखंडी बोल्टलाही त्रास होतो. बिजागरीच्या जागी काचेच्या कापडाचा एक थर किंवा सीलंट मध्ये ठेवावे. रत्नागिरी-मुंबईच्या हवेत हे विसरून चालणार नाही.

ह्या कामातील एका गोष्टीवर मात्र आम्हांला रागाने लिहावे लागते. आमच्या गॅरेजांत पंधरा-सोळा वर्षांची मुले तोंडाला रुमाल बांधून क्लिअर मारताना आम्ही पाहतो. टू-के क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने दमा जडतो आणि एकदा जडला की त्या माणसाला तो धंदाच सोडावा लागू शकतो. रुमाल त्याला थांबवत नाही, साधा धुळीचा मास्कही थांबवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा हवा आणि हवा खेळती हवी. ह्यात कार्बनच्या धुळीची भर पडते. ती अंगाला खाज आणते, छातीत जाते आणि वीजवाहक असल्यामुळे ग्राइंडरच्या मोटारीत किंवा स्विचबोर्डात शिरली तर शॉर्ट करते. म्हणून शक्यतो पाण्याने घासावे, कोरडे घासले तर व्हॅक्युम लावावा, धुळीचा चांगला मास्क घालावा आणि कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवू नये. कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत. जो मालक स्प्रे गनवर हजारो रुपये खर्च करतो आणि मुखवट्याला पैसे नाहीत म्हणतो, त्याच्याकडे आपल्या मुलाला शागीर्द ठेवण्याआधी बापाने दोनदा विचार करावा.

बिलाबद्दलही थोडे. मोटार विम्यात फायबरग्लासच्या भागांना ३० टक्के आणि प्लास्टिकच्या भागांना ५० टक्के घसारा कापण्याची पद्धत आहे. कार्बनचे बॉनेट कोणत्या खान्यात टाकायचे ह्यावरून सर्व्हेअरशी वाद होऊ शकतो आणि बाहेरून बसवलेले बॉनेट विमा कंपनीला कळवलेलेच नसेल तर आणखी पंचाईत. आपल्या बिलावर नुसते 'बॉनेट पेंट' असे न लिहिता काय होते, काय फुटले, किती थर घातले, कोणते रेझिन वापरले, वीण उघडी ठेवली की रंगवली, हे लिहावे. फुटलेल्या जागेचे फोटो ठेवावेत. गाडी पुढे विकली जाईल तेव्हा तिसऱ्या माणसाला रंगाखाली काय आहे हे कळण्याचा हाच एक मार्ग.

कोणी विचारील की महिन्या-दोन महिन्यांत एखादे बॉनेट येणार, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. अँबेसिडर आणि पद्मिनीचे बंपर लोखंडी होते तेव्हाही प्लास्टिकच्या बंपरबद्दल असेच म्हटले जात होते. मग बंपर प्लास्टिकचे झाले, प्लास्टिक वेल्डिंग दुसरेच लोक शिकले आणि डेंटरच्या हातून ते काम गेले. कार्बन उद्या सर्व गाड्यांत येईल असे आम्ही म्हणत नाही. ते महाग आहे आणि बराच काळ महागच राहील. पण जे येते ते चांगल्या मजुरीचे काम आहे आणि ते करणारे हात थोडे आहेत. शिवाय लागणारी तिन्ही कौशल्ये आपल्यात विखुरलेली पडली आहेत. विणीची जाण मालेगाव-भिवंडीच्या कारखानदाराला आहे. रेझिन आणि साचा कोकणात फायबरच्या होड्या बांधणाऱ्याला ठाऊक आहे. रंगाचा हात कुर्ल्याच्या आणि पुण्यात नाना पेठेच्या पेंटरकडे आहे. हे तिघे एकमेकांना भेटत नाहीत, एवढेच.

त्या उस्तादांनी शेवटी गिऱ्हाइकाला मजुरी परत दिली आणि बॉनेट ठेवून घेतले. हर्णैकडे होड्यांचे काम केलेल्या एका कारागिराला त्यांनी बोलावले. दोघांनी मिळून लांबी खरवडून काढली, टेपच्या चौकटीपर्यंत कडा उतरवल्या आणि आतून थर घातले. रंग उस्तादांनीच दिला. गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा पैसे दिले, थोडी कुरकुर करून, पण दिले. आमची सूचना एवढीच की एका गल्लीतील पाच-सहा गॅरेजवाल्यांनी मिळून एक व्हॅक्युम पंप, एक काटा आणि हवेचे दोन मुखवटे घ्यावेत, फुटलेले एखादे जुने बॉनेट भंगारातून आणावे आणि जुम्याच्या सुटीत त्यावर हात बसवावा. गिऱ्हाइकाच्या बॉनेटवर शिकू नये.